सर्दीच्या थेंबांनी बीपी उतरलं! मिठाचा हिशोब मेंदू नेमका ठेवतो कसा?

गोष्ट आहे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. जर्मनीतल्या एका औषध कंपनीत चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या नव्या रसायनावर काम सुरू होतं. तिथल्या एका डॉक्टरच्या सेक्रेटरीला सर्दी झाली होती, म्हणून तिच्या नाकात त्याचे थेंब टाकले. बाई झोपल्या त्या जवळपास २४ तास! नाडी मंदावलेली, रक्तदाब घसरलेला. ते रसायन म्हणजे क्लोनिडीन. १९६६ मध्ये ते बीपीचं औषध म्हणून बाजारात आलं.

पण नाकातल्या थेंबांचा बीपीशी काय संबंध? तर हे औषध मेंदूपर्यंत पोहोचतं, आणि खरी सूत्रं तिथूनच हलतात.

मेंदूच्या अगदी खालच्या भागातून निघणारे संदेश नसांमार्फत हृदय, रक्तवाहिन्या आणि किडनीपर्यंत जातात. या नसांच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय जोरात धडधडतं. किडनीला मिळणारा निरोप मात्र वेगळा असतो: मीठ लघवीतून बाहेर टाकू नकोस, राखून ठेव. किडनी मग रेनिन सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स वाढतात आणि मीठ आणखी साठतं. क्लोनिडीन मेंदूतूनच हे संदेश कमी करतं.

आता उलट बाजू बघू. पापड-लोणचं जरा जास्त झालं की घशाला कोरड पडते ना? रक्तातलं मीठ वाढल्याचं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळच्या पेशींना लगेच कळतं. त्या तहान लावतात आणि व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन सोडायला लावतात. ते किडनीला पाणी धरून ठेवायला सांगतं. मीठ आणि पाणी दोन्ही अडलं की नळ्यांमधलं रक्त वाढतं, दाबही वाढतो. निरोगी माणसात मानेतल्या रक्तवाहिन्यांमधले सेन्सर हा वाढलेला दाब मेंदूला कळवतात, मेंदू नसांचे संदेश कमी करतो आणि किडनी जास्तीचं मीठ बाहेर टाकते. बीपीच्या बऱ्याच रुग्णांमध्ये हे संदेश कायम चढेच राहतात. म्हणून मीठ कमी करूनही काहींचं बीपी हवं तेवढं उतरत नाही. (अर्थात ताटातलं मीठ कमी करायचंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. आणि हो, सैंधवातही सोडियमच असतं!)

क्लोनिडीन आज पहिल्या पसंतीचं औषध नाही, पण इतर गोळ्यांनी आटोक्यात न येणाऱ्या बीपीसाठी आणि किडनीच्या काही रुग्णांना ते अजूनही देतात. घरात कुणी ते घेत असेल, तर "आता बीपी नॉर्मल आलंय" म्हणून गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका. इतके दिवस दाबून ठेवलेले संदेश एकदम सुटतात, नॉरअ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर जाऊ शकतं. ही गोळी बंद करायची असली, तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करत नेतात.