बीपी-शुगर तपासता, मग तोंड का नाही?

मच्छीमार बंधू-भगिनींनो,

१ जून ते ३१ जुलै बंदी. आरोग्य केंद्रात बीपी-शुगर दाखवायला आपल्याला हेच दिवस मिळतात. त्याच फेरीत तोंडही दाखवून या.

दाढ दुखली की लवंग धरायची आणि कामाला लागायचं, ही आपली सवय. पण शुगर वाढली की हिरड्या सुजतात, रक्त येतं. आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की शुगरही लवकर आटोक्यात येत नाही.

मोठी भीती तोंडाच्या कॅन्सरची. गोव्यात गुटख्याला बंदी आहे, पण रात्रभर जागायचं म्हणून तंबाखू-चुना चालूच असतो. काही घरांत बायका मशेरी लावतात. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा. सुरुवातीला हे दुखत नाही, तिथंच माणूस फसतो.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी बीपी-शुगरबरोबर तोंडाची तपासणीही आहे. बॅटरी मारून बघतात, दोन-चार मिनिटांचं काम. कोणी बघितलं नाही तर आपण होऊन सांगा, "तोंड पण बघा." शंका असेल तर पुढची तपासणी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात होते.

बोटमालकांना एक विनंती. गावी गेलेले खलाशी परत आले की पहिल्या फेरीआधी त्यांनाही घेऊन जा. त्यांचं इथं विचारणारं दुसरं कोण आहे?

– सचिव