चिकूच्या चिकातलं गोल्फ

रत्नागिरीच्या परसात कच्चा चिकू तोडला की देठाशी पांढरा चीक टपटपतो, बोटं चिकटतात. या चिकाचं गोल्फशी जवळचं नातं आहे! गोल्फच्या उंची चेंडूंचं कवच विसाव्या शतकात बराच काळ बलाटाचं असे. बलाटा म्हणजे चिकूच्याच प्रजातीतल्या अमेरिकी झाडाचा वाळलेला चीक. त्याआधी, १८४८च्या सुमारास, गटापर्चाचे चेंडू आले. हे मलायातलं झाडही चिकू-बकुळीच्या कुळातलं. चीक गरम पाण्यात मऊ करून चेंडू हातानं वळत. पण खरी नवलाई पुढेच: नवा, गुळगुळीत चेंडू भरकटे, मार खाऊन खरबरीत झालेला लांब जाई. मग कारागीर हातोडीनं मुद्दाम खाचा पाडू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांमुळे हवा त्याला जास्त वेळ बिलगून राहते, मागची खळबळ आकसते आणि अडथळा जवळपास निम्म्यावर येतो.