अपूर्णांकांची ओळख (लेखांक ४) : समच्छेद कशासाठी?

अपूर्णांकातील छेद एका पूर्णाचे किती समान भाग केले ते सांगतो आणि अंश त्यांपैकी किती भाग घेतले ते सांगतो, एवढे मागील लेखांकात स्पष्ट झाले. त्यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी, की छेदाने माप ठरते व अंशाने त्या मापाची मोजणी होते. ३/८ म्हणजे अष्टमांशाची तीन मापे. ही जाण पक्की नसली, की बेरजेच्या पहिल्याच उदाहरणात घोटाळा होतो. १/२ आणि १/३ यांची बेरीज करताना अंशात अंश व छेदात छेद मिळवून २/५ हे उत्तर मांडले जाते. ते चूक आहे असे शिक्षकाने सांगण्यापेक्षा मुलांनाच तपासू द्यावे, कारण २/५ ही संख्या १/२ पेक्षाही लहान आहे, आणि अर्ध्यात काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी होणे शक्यच नाही.

चूक होते ती दोन वेगवेगळ्या मापांची मोजणी एकत्र केल्यामुळे. भारतात दशमान नाणी येण्यापूर्वी जो रुपया चालत असे, त्याच्या हिशेबात हे फार स्वच्छ दिसते. त्या रुपयाचे सोळा आणे आणि प्रत्येक आण्याच्या बारा पै होत असल्यामुळे एका रुपयाच्या एकूण १९२ पै होत. अर्धा रुपया म्हणजे आठ आणे, अर्थात ९६ पै; तृतीयांश रुपया म्हणजे पाच आणे चार पै, अर्थात ६४ पै. दोन्ही रकमा एकाच मापात आल्याबरोबर त्यांची बेरीज १६० पै, म्हणजे रुपयाचा १६०/१९२ इतका भाग, अशी सरळ मिळते. येथे अंश व छेद या दोहोंना ३२ ने भागले असता ५/६ हा अपूर्णांक येतो. दिसायला वेगळे पण किमतीने एकच असलेल्या अशा अपूर्णांकांना सममूल्य अपूर्णांक म्हणतात, आणि निरनिराळ्या छेदांच्या अपूर्णांकांना एकच छेद असलेली सममूल्य रूपे देणे यालाच समच्छेद करणे म्हणतात.

१९२ हा छेद चालला, कारण त्याला २ आणि ३ या दोहोंनी निःशेष भाग जातो. १२, १८ किंवा ३० हे छेदही चालले असते. अशा चालणाऱ्या छेदांतला सर्वांत लहान ६, आणि तोच २ व ३ यांचा लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे लसावि. लसावि घेतल्याने उत्तर अधिक बरोबर येत नाही, केवळ आकडे लहान राहतात. हा भेद शिकवताना बहुधा सुटतो, आणि मग लसावि ही बेरजेची अटच आहे असा समज मुलांच्या मनात घर करतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या आहेत: प्रथम एकाच्या छेदाने दुसऱ्याच्या अंशाला व छेदाला गुणण्याचा सर्वसाधारण नियम येतो, आणि त्यानंतर छेदांना आधी सामाईक अवयवाने भागून घेतले तरी काम होते, ही जाणत्यासाठीची सोय. १/४ आणि १/६ यांना पहिल्या रीतीने २४ हा छेद मिळतो, दुसऱ्या रीतीने १२; बेरीज मात्र १०/२४ म्हटली काय किंवा ५/१२ म्हटली काय, एकच.

प्रत्येक मापाला स्वतःची मर्यादा असते, हेही रुपयाच्याच उदाहरणात दिसते. १९२ ला ५ ने निःशेष भाग जात नसल्यामुळे जुन्या रुपयाचा पंचमांश पूर्ण पैंमध्ये सांगता येत नसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले, तेव्हा पंचमांश नेमका २० पैशांचा झाला, पण तृतीयांश पूर्ण पैशांत बसेनासा झाला. १/३ आणि १/५ हे दोन्ही भाग पूर्ण मोजणीत हवे असतील, तर माप १५ च्या पटीतलेच निवडावे लागते.

पाचवी-सहावीच्या शिक्षकांनी व पालकांनी लसावि काढण्याची रीत सांगण्याआधी मुलांना दोन्ही भाग मोजता येतील असे कोणतेही एक माप स्वतः शोधू द्यावे, मग ते मोठे निघाले तरी हरकत नाही. वाचकांनी सरावासाठी ५/८ आणि १/६ यांची बेरीज आधी पैंमध्ये व नंतर २४ हा छेद घेऊन करून पाहावी. दोन्ही वाटांनी १९/२४ हेच उत्तर यायला हवे.