गल्ल्यामागचे मामा

लोणावळ्याचे वर्णन करणारे बहुतेक लेखक धुके, धबधबे, चिक्की आणि खंडाळ्याचा घाट यांच्यापाशीच रेंगाळतात, व ते स्वाभाविकही आहे. परंतु १८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढली तेव्हापासून ज्या गावाचा चरितार्थ मुख्यत्वे येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यावर चालत आला, त्या गावातील रहिवाशाने दिवसभर पाहुण्यांची सरबराई केल्यावर स्वतः कोठे टेकावे, आणि त्याचे सुखदुःख कोणी ऐकून घ्यावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याच्या बसण्याच्या जागा दोन: पहाटेपासून वाफाळणारे चहाचे हॉटेल आणि दिवेलागणीनंतर भरणारी परमिट रूम. पहिलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीविषयी सभ्य मासिकांतून मौनच पाळले जाते, आणि हे मौन मला अन्यायाचे वाटते.

मद्यपानाची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. मावळातील कित्येक संसार या व्यसनापायी धुळीस मिळालेले आपण पाहतो, आणि महिलांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ करण्याची जी तरतूद आपल्या राज्यात आहे, तिच्यामागे असंख्य मातांचे अश्रू आहेत, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही जोवर ही दुकाने कायद्याच्या अंमलाखाली राजरोस चालू आहेत, तोवर त्यांच्या गल्ल्यामागे बसलेला इसम कोणत्या वृत्तीचा आहे, ही गोष्ट समाजाच्या दृष्टीने क्षुल्लक ठरत नाही.

ज्यांच्यामुळे मी हे लिहिण्यास प्रवृत्त झालो ते गृहस्थ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या अशाच एका परमिट रूमचा गल्ला गेली बरीच वर्षे सांभाळीत आहेत. परवाना मालकाच्या नावे, हे पगारी. मूळचे पवन मावळातले, घरी इंद्रायणी भाताची खाचरे, वडील तुळशीची माळ घातलेले वारकरी. माळकऱ्याच्या मुलाने असल्या ठिकाणी नोकरी धरावी याचे वडिलांना दुःख झाले, आणि ते दुःख त्यांनी बोलून दाखवले नाही म्हणून मुलाला अधिक जाचले. गिऱ्हाईक त्यांना ‘मामा’ म्हणते. वयाने थोर असलेलेही मामाच म्हणतात.

कायद्याने मामांवर जी बंधने घातली आहेत त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यात आबकारीचे कायदे एकोणिसाव्या शतकापासून होते; स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि मुख्यत्वे प्रकृतीच्या कारणास्तव डॉक्टरचा दाखला मिळवणाऱ्यालाच काय ती मुभा राहिली. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. म्हणून आजही महाराष्ट्रात मद्य प्राशन करणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा तहहयात असा मिळतो, सौम्य बियरसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षांची अट आहे, आणि मतदान संपण्यापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास गल्ला बंद ठेवावा लागतो. या सर्व नियमांच्या नोंदी मामांच्या वहीत सुवाच्य अक्षरात असतात. निरीक्षकाने वही पाहावी आणि सही करून उठावे, इतका त्यांचा दप्तरी कारभार चोख आहे.

परंतु समोरच्या माणसाला घरी मुले आहेत काय, हे कायदा विचारीत नाही. मामा विचारतात.

संध्याकाळी सात वाजता ते एकवीरेच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावतात, चकण्याच्या बशा मांडून घेतात, आणि साठ मिलिलिटरचे माप गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरण्याची पोऱ्याला ताकीद देतात. बसणारी मंडळी बहुतेक ओळखीची. बंगल्यांचे रखवालदार, चिक्कीच्या कारखान्यातले कामगार, रिक्षावाले, घाटात आगगाडीला मागून रेटा देणाऱ्या ‘बँकर’ इंजिनांवर उमर घालवलेले रेल्वेचे निवृत्त कर्मचारी, आणि अलीकडच्या काळात जमीन विकून एकाएकी पैसेवाले झालेले शेतकरी. साडेआठच्या सुमारास एकेकाच्या खिशातला फोन वाजू लागतो. ज्याचा वाजला तो उठून बाहेर रस्त्याकडेला जातो, कारण ग्लासांची किणकिण पलीकडच्या लहान कानांपर्यंत पोहोचू नये असे त्याला वाटत असते. पलीकडून मागणी येते ती दुरेघी वहीची, चौकटीच्या वहीची, पट्टीची. उद्या शाळेत न्यायची असते, आणि स्टेशनरीची दुकाने तोवर बंद झालेली असतात.

मामांच्या गल्ल्याखालच्या फळीवर, सोड्याच्या बाटल्यांच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून या सर्व वह्या ठेवलेल्या असतात. छापील किमतीला ते त्या देतात. ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याच्या उधारीत मांडतात. मात्र वही हातात दिली की त्या माणसाचा पुढचा पेग बंद. हा दंडक त्यांनी कोठे लिहून लावलेला नाही, परंतु नेहमीच्या मंडळीत तो सर्वमान्य आहे, आणि एखाद्याने हुज्जत घातली तर शेजारच्या टेबलावरचेच त्याला समजावतात. वही घेऊन गेलेला बाप घरी पोहोचेपर्यंत मूल जागे असले पाहिजे, एवढाच मामांचा त्यामागचा हिशेब.

बापांविषयी त्यांची मते अनुभवातून आलेली आणि म्हणून ठाम आहेत. जमीन विकणाऱ्यांसंबंधी एकदा मी त्यांना छेडले. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पुरा झाला आणि मावळातल्या जमिनीचे भाव शहरातल्या माणसाच्या ऐपतीवर ठरू लागले. तेव्हापासून आजवर किती खाचरांवर बंगले उभे राहिले हे त्या वाटेने जाणारा कोणीही पाहू शकतो. मामा म्हणाले, “साहेब, पैका एकदम आला ना, की पोरगा बापाला विचारायचा बंद होतो. आधी बैल घ्यायचा तरी विचारायचा. आता गाडी दारात लावून मग सांगतो. बाप मग इथं येऊन बसतो, दुसरं कुठं जाणार?” मावळच्या स्थित्यंतराविषयी मी वाचलेल्या अनेक विद्वत्तापूर्ण लेखांत एवढे मर्म मला सापडले नव्हते.

शहराविषयीही त्यांचे एक मत आहे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडून जी अलोट गर्दी लोटते, तिच्याविषयी गावात नाराजीचा सूर बराच ऐकू येतो. मामा तो धरीत नाहीत. आठवडाभर चार भिंतींत कोंडलेल्या माणसाला पोराबाळांना पाणी दाखवावेसे वाटते, यात त्याचा काय दोष, असे ते विचारतात. दोष असलाच तर त्याला हे पाणी ठाऊक नाही, एवढाच. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो, हे मावळातल्या पोराला शिकवावे लागत नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांत लहान मुलेही, सर्वांच्या देखत वाहून गेले. पुढच्याच वर्षी १५ जूनला, तोही रविवारच, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून चौघे दगावले. भुशीच्या त्या रात्री परमिट रूम उघडी होती, पण टीव्ही बंद होता. वाहून जाणाऱ्या लोकांची ती चित्रे दाखवण्यास मामांनी साफ नकार दिला.

अशा माणसाला अन्य देशांत साहित्याने फार पूर्वीच जवळ केले आहे. शिकागोच्या आयरिश वस्तीतील गुत्त्याचा मालक मिस्टर डूली हे पात्र फिन्ली पीटर डन या पत्रकाराने १८९३ मध्ये निर्माण केले, आणि राजकारणापासून संसारापर्यंतच्या सर्व विषयांवर गल्ल्यामागून बोलणारा तो काल्पनिक इसम अमेरिकेत घरोघरी परिचित झाला. तिकडे या धंद्याचे आणि खेळाचेही नाते जुने. सेंट लुईस शहरातील ‘ख्रिस फॉन डेर आहे’ या नावाच्या गुत्तेदाराने, बेसबॉलचा सामना असला की आपल्याकडे बियर अधिक खपते हे ध्यानात घेऊन, १८८० च्या दशकात शहराचा संघच ताब्यात घेतला होता.

मामांच्या गल्ल्यावर बेसबॉलची जागा अर्थात क्रिकेटची. आणि मावळकरांना त्याचा विशेष अभिमान वाटावा असे कारणही आहे, कारण महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे २०१२ पासूनचे स्टेडियम पुण्याचे म्हणून ओळखले जात असले तरी ते उभे आहे मावळ तालुक्यातील गहुंजे गावात. तेथला पहिला कसोटी सामना फेब्रुवारी २०१७ मधला. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने तिसऱ्या दिवशीच ३३३ धावांनी विजय मिळवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने त्याच मातीत तेरा बळी टिपले, आणि मायदेशात सलग अठरा मालिका जिंकत आलेल्या आपल्या संघाची ती परंपरा गहुंज्यात खंडित झाली. गिऱ्हाईक हळहळते; मामा म्हणतात, खेळपट्टी आपणच फिरकीला धार्जिणी केली, मग ज्याची फिरकी सरस तो जिंकणारच. पैजा मात्र ते खपवून घेत नाहीत. टेबलावर सामन्यावरून पैसे लावलेले दिसले की टीव्ही बंद होतो, मग शेवटचे षटक का चालू असेना.

एप्रिल २०१७ हा मामांच्या आयुष्यातला वेगळा महिना. महामार्गापासून पाचशे मीटरांच्या आत मद्यविक्री नको, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिला होता आणि १ एप्रिलपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. जुना महामार्ग लोणावळ्याच्या ऐन वस्तीतून जात असल्याने येथील अनेक गल्ल्यांना कुलूप लागले. पुढे ११ जुलैच्या आदेशात न्यायालयाने नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना त्या निर्बंधातून वगळता येईल असा खुलासा केला आणि दुकाने यथावकाश उघडली, परंतु मधले काही महिने मामा बिनपगारी घरी होते. पावसाळ्यात त्यांनी वडिलांबरोबर भाताची लावणी केली. आणि त्याच मुदतीत, मुलगी सहा वर्षांची झाल्यावर, तिला रोज संध्याकाळी जागी असलेली पाहण्याचा योग त्यांना प्रथमच आला. तोवर रात्री एकच्या पुढे घरी पोहोचायचे आणि सकाळी ती शाळेत निघताना तिची वेणी पाहायची, एवढीच बापलेकीची भेट होती. ती डाव्या हाताने चेंडू फेकते, हेही त्यांना त्या पावसाळ्यात कळले.

दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की मावळातल्या खाचरांत धसकटे काढून, बांधावरून पाणी शिंपून पोरे टेनिस चेंडूचे क्रिकेट मांडतात. त्या पोरांत या एकट्या मुलीला खेळू द्यावे म्हणून मामांनी पहिले कित्येक आठवडे स्वतः यष्टिरक्षण केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विराट कोहलीने गहुंज्यात नाबाद २५४ धावा काढल्या, त्या शुक्रवारी शाळा बुडवून बापलेक स्टेडियमच्या सर्वांत स्वस्त जागी बसली होती. आजोबांनीही हरकत घेतली नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मामा गल्ल्यावर नव्हते. घरच्या टीव्हीपुढे, माळकरी बाप आणि चौदा वर्षांची लेक यांच्या मध्ये बसले होते. शेवटचा झेल पूर्ण होईपर्यंत आजोबा जागे राहिले, असे त्यांनी मला फार समाधानाने सांगितले. वडिलांशी इतक्या वर्षांत जे बोलणे झाले नाही ते त्या रात्री बरेचसे झाले असावे. मी विचारले नाही.

गल्ल्याच्या उजव्या खणात मामा गाड्यांच्या किल्ल्या ठेवतात. बाहेरगावचा माणूस गाडी घेऊन आला असेल आणि बसणार असेल, तर पहिल्या पेगबरोबर किल्ली मागतात, तिला नावाची चिठ्ठी बांधतात आणि सकाळी परत देतात. रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास गाडी चालवणे गुन्हा आहे, एवढेच कायदा सांगतो. किल्ली जप्त करण्याचा अधिकार त्याने मामांना दिलेला नाही, आणि त्यावरून त्यांना शिव्याही खाव्या लागल्या आहेत. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना रात्रीच्या धुक्यात जुन्या रस्त्याची वळणे कशी दिसेनाशी होतात हे ज्याने पाहिले आहे, तो त्यांच्याशी वाद घालणार नाही. या पावसाळ्यात वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेले आणि गल्ल्यामागच्या माणसाने हात पुढे केला, तर किल्ली द्यावी, आणि रात्री गावातच मुक्काम करावा.