आमगावचा खडक आणि धानाची गोणी

गोंदियात कच्चे तेल सापडायचे नाही. इथल्या आमगाव परिसरातला नाईस हा अतिप्राचीन, उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला खडक. तेल साचते गाळाच्या खडकांत, जसे 1974 साली मुंबई हाय येथे सापडले. तरीही इथला तांदूळ त्या तेलापासून सुटलेला नाही. कच्च्या तेलात वजनाने साधारण 84 ते 87 टक्के कार्बन, उरलेला बहुतांश हायड्रोजन. छोट्या साखळीचे रेणू लवकर उकळतात, लांब साखळीचे उशिरा. म्हणून तेल तापवून एकाच ऊर्ध्वपातन मनोऱ्यात सोडले की वर गॅस-नाफ्था, मध्ये रॉकेल-डिझेल आणि तळाला डांबराचा गाळ असे भाग वेगळे होतात.

विजेची वाहने आली की तेलाची गरज संपेल, हे म्हणणे इंधनापुरते ठीक. पण राईस मिलमधून तांदूळ ज्या पांढऱ्या विणलेल्या गोणीत निघतो ती पॉलिप्रॉपिलीनची, आणि त्यातला प्रॉपिलीन बराचसा नाफ्थ्यातूनच येतो. मग तागाचा बारदाना वापरा, असे कुणी म्हणेल. पण (गंमत अशी की) ताग मऊ करायलाही वर्षानुवर्षे खनिज तेलच लागत आले. धान्याच्या गोण्यांसाठी मात्र त्याऐवजी भाताच्या कोंड्याचे तेल चालते, आणि कोंड्याला गोंदियात तोटा नाही.