चोरी, जबरी चोरी आणि दरोडा

मळ्यातील कोठीतून रात्री सोयाबीनची पोती गेली, की आपल्या बीड जिल्ह्यातील शेतकरी सकाळी ठाण्यात जाऊन "दरोडा पडला" असे सांगतो. महसूल खात्यात कारकुनी करीत असता हे बोल मी पुष्कळदा ऐकले. कोणास हात लागला नाही, कोणास धाक घातला नाही. मग तो दरोडा कसा? कायद्याच्या दृष्टीने ती चोरी होय. मात्र माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेल्या चोरीस सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हेही विसरू नये.

1860 च्या दंडसंहितेची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले, या गुन्ह्यांच्या व्याख्या बहुतांशी त्याच राहिल्या. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने, नेण्यासाठी हलविली की कलम 303 प्रमाणे चोरी पुरी झाली. कायद्यातच उदाहरण दिले आहे : पेटीत द्रव्य लादलेला बैल कोणी ते द्रव्य लाटण्याच्या हेतूने हाकला, तर बैलाने पाऊल उचलताच चोरी घडली. उभे पीक वा झाड जमिनीस जोडलेले असेतो जंगम नव्हे. पण लबाडीने कापून वेगळे करताच ती चोरी. नदीतील वाळूचेही तसेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ठरविले. गोदाकाठच्या वाचकांनी हे ध्यानी घ्यावे.

"परत आणून ठेवणारच होतो" ही सबब चालत नाही. अलवर येथील एका कचेरीतील अधीक्षकाने सरकारी कागद थोड्या वेळापुरते घरी नेले, तीही चोरीच ठरली. आम्हां कारकुनांस हा निकाल विशेष बोचणारा!

चोरी करताना, तीसाठी किंवा माल नेताना कोणास इजा केली, अडवून धरले अथवा तत्काळ इजेचा धाक घातला, तर ती जबरी चोरी. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी हमरस्त्यावर घडल्यास चौदा. आणि हेच कृत्य पाच किंवा अधिक इसमांनी मिळून केले, तर दरोडा. त्यास जन्मठेपही होऊ शकते. चार असतील तर जबरी चोरी, पाचवा मिळाला की दरोडा. हा पाचवा नुसता गाडीपाशी मदतीस हजर असला तरी मोजला जातो.

आता बांधावरच्या तंट्याकडे पाहा. वादाच्या शेतातील ज्वारी कापावयास भाऊबंद सहा-सात जण जातात, राखणदारास धरून बसवितात, आणि पीक घरी नेतात. त्यांच्या मते ते आपलेच पीक. पण ताबा दुसऱ्याचा, राखणदारास अडविलेले आणि माणसे पाचांहून अधिक. प्रामाणिक हक्काची समजूत असेल तर चोरी होत नाही खरी. पण ती प्रामाणिक होती काय, हे न्यायालय पुराव्यावरून पाहते, आणि तोवर दरोड्याच्या कलमाखाली घरातील कर्ते पुरुष कोठडीत बसतात. असे एक कुटुंब मी पाहिले आहे. त्यांचा पुढचा हंगाम पडीक गेला.

ताब्याचा तंटा असल्यास आणि शांतताभंगाचे भय असल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्या कलमात पिकाचाही समावेश आहे. नासणारा माल विकून टाकण्याचा हुकूमही तेथे मिळू शकतो. अर्जासोबत सातबारा व पीकपाहणीचा उतारा जोडण्यास चुकू नये.