पॅनिक डिसऑर्डर आणि मेंदूतील रसायने : प्रतिमा काय सांगतात?

छाती धडधडते, श्वास कोंडतो, हातपाय थरथरतात आणि आता आपण मरणार असे वाटते. काही मिनिटांतच हा झटका शिगेला पोहोचतो. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात, तो निर्दोष येतो. असे अनपेक्षित झटके वारंवार येऊ लागले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणसाचे वागणे बदलले, की त्यास पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या वर्गीकरणात या विकारास स्वतंत्र स्थान दिले.

जिवंत माणसाच्या मेंदूतील रसायने पाहण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला 'पेट' तपासणीचा. विशिष्ट ग्राहींनाच चिकटणारे, किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. त्यातील फ्लोरीन-१८ चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असते. द्रव्य जेथे साठते तेथून निघणारे गॅमा किरण यंत्र टिपते आणि त्यावरून ग्राहींचे प्रमाण काढता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत न्यूमायस्टर व सहकाऱ्यांनी या पद्धतीने १६ रुग्ण आणि १५ निरोगी व्यक्तींची तुलना केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांच्या मेंदूतील तीन भागांत सेरोटोनिनचे '१ए' ग्राही सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. त्यांपैकी एक भाग सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींचाच होता.

दुसरा मार्ग चुंबकीय अनुनाद वर्णपटाचा. त्यात किरणोत्सारी द्रव्य लागत नाही. गोडार्ड व सहकाऱ्यांना २००१ मध्ये रुग्णांच्या मेंदूच्या मागील भागात 'गाबा' हे उत्तेजना शमवणारे रसायन २२ टक्क्यांनी कमी आढळले.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. हे आकडे लहान गटांच्या सरासरीचे आहेत. एकेका रुग्णाचे मोजमाप निरोगी माणसाइतकेही असू शकते. म्हणून केवळ अशा प्रतिमेवरून निदान होत नाही. ते आजही रुग्णाशी बोलून व शारीरिक तपासणी करूनच करतात. शिवाय, ग्राही कमी असल्याने झटके येतात की झटक्यांच्या ताणाने ग्राही कमी होतात, हे एका वेळच्या प्रतिमेवरून ठरत नाही.

वर्गात किंवा परीक्षागृहात असा झटका आलेल्या विद्यार्थ्यास आपण बरेचदा 'काही झाले नाही, मन घट्ट कर' असे सांगतो. वरील अभ्यास पाहता हे म्हणणे अपुरे ठरते. मात्र मेंदूतील रसायनात फरक आहे म्हणजे औषधावाचून गत्यंतर नाही, हेही खरे नव्हे. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांप्रमाणेच विचार-वर्तन उपचारपद्धतीचाही चांगला गुण येतो. पहिल्याच झटक्यात मात्र हृदय व थायरॉइडची तपासणी टाळू नये. त्या तपासण्या निर्दोष आल्या, तरी विद्यार्थ्याचा त्रास खराच असतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचवणे शिक्षकाच्या हाती आहे.